दुष्काळातून आलेली माउली : पंडिता रमाबाई

कोयनेच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला भूकंपाची गोष्ट कोणी मुद्दाम सांगावी लागत नाही. ती त्याला अंगाईबरोबरच ऐकायला मिळते. माझे आजोबा धरणाच्या कामावर मजूर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, जमीन हादरली तेव्हा माझी आजी वीस वर्षांची होती आणि तिच्या कुशीत माझी मोठी आत्या होती. त्या पहाटे कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. नंतरचे कित्येक दिवस लहानमोठे धक्के बसतच राहिले आणि थंडीचे दिवस माणसांनी तंबूत, पत्र्याच्या आडोशाला काढले.

ही गोष्ट सांगताना आजी पडलेल्या घरांबद्दल फार बोलत नाही. ती शेजारच्या एका पोराबद्दल बोलते. त्याची आई गेली होती. बाप जखमी होऊन दवाखान्यात होता. मदत भरपूर येत होती. धान्य येत होते, घोंगड्या येत होत्या, दुधाची भुकटी येत होती. पण त्या पोराला सांभाळणे हे कोणाचेच काम नव्हते. आज एका तंबूत, उद्या दुसऱ्या तंबूत असे ते फिरत राहिले. पुढे कोणी नातेवाईक आले आणि त्याला घेऊन गेले. ते खरेच नातेवाईक होते का, हे कोणी विचारले नाही. आजीला त्याचे पुढे काय झाले ते कळले नाही. साठीकडे झुकलेली ही आठवण सांगताना तिचा आवाज अजूनही खाली येतो.

आजीची ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने कळली ती २०२१ साली. त्या वर्षी जुलैच्या पावसात आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. घरेच्या घरे मातीखाली गेली. वाचलेल्या माणसांना शाळांतून आसरा देण्यात आला. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती रोज अशा एका निवाऱ्यावर जाई आणि शाळा बंद असल्यामुळे मीही तिच्याबरोबर जाई. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. तिथे मी पाहिले की मोठी माणसे रांगेत उभी आहेत, कोणी पंचनाम्याच्या धावपळीत आहे, कोणी आपल्या माणसाचा मृतदेह सापडण्याची वाट पाहत आहे आणि पोरे मात्र भिंतीला टेकून नुसती बसली आहेत. आईने काय केले? तिने एक सतरंजी अंथरली, अंगणवाडीतले रंगीत ठोकळे मांडले आणि रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात ती बसू लागली. एका चार वर्षांच्या मुलीने दोन दिवस तिचा पदर सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक ठोकळा उचलला. आई घरी येऊन रडली. मला वाटले, ती दुःखाने रडते आहे. आज मला वाटते, ते दुःखाचे रडणे नसावे.

गेल्या वर्षी मी महाविद्यालयात आले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. मराठीच्या मॅडमनी मला एका वक्तृत्व स्पर्धेसाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचायला दिले. स्पर्धेत माझा क्रमांक आला नाही, पण ते चरित्र मनातून जाईना. आजीच्या गोष्टीतले ते पोर, आईच्या पदराला धरलेली ती मुलगी, यांच्याशी या बाईंचे काही नाते आहे असे मला सारखे वाटत राहिले. ते नाते कोणते, हे सांगण्याचा हा लहानसा प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवायचे असा त्यांनी पण केला आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करून ते रानात आश्रम बांधून राहिले. पुढे तो आश्रमही चालेना. कर्ज झाले. मग हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, ठिकठिकाणी पुराणे सांगत गावोगाव हिंडू लागले. आई लक्ष्मीबाई, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि सर्वांत धाकटी रमा. चालता चालता आईच्या मुखातून ऐकून रमेने हजारो श्लोक पाठ केले. जिला स्वतःचे घर नव्हते त्या मुलीजवळ अशी विद्या होती, जी त्या काळी राजवाड्यातल्या मुलींनाही मिळत नव्हती.

पण विद्येने पोट भरले नाही. दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते विकून झाले. पुराण सांगून जगणाऱ्या या कुटुंबाला अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. तिच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने इतकी लहान होती की तिरडी खांद्यावर घेता येईना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. पुढे बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ असे दोघेच उरले.

चरित्र वाचताना मी या पानावर थांबले. मोठ्या माणसांच्या चरित्रात बालपणीचे दुःख एखाद्या शोभेच्या दागिन्यासारखे येते आणि पुढच्या पानावर ते विसरले जाते. रमाबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही. बावीस-तेवीस वर्षांनी त्यांनी जे काम उभे केले, त्याचे मूळ या पानावर आहे. उपाशी मुलीला कोणती भीती वाटते, अनोळखी माणूस जवळ आला की तिच्या मनात काय येते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

भावाबहिणींनी मग सारा देश पायी तुडवला. थंडीत नदीकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून घेऊन ते झोपत. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या एका अनाथ मुलीचे नाव देशभर झाले. पण सुख फार टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन झुगारून नोंदणी विवाह केला. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

मनोरमेला कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. या साक्षीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. त्यांनी आयोगाला सांगितले की मुलींच्या शाळांत स्त्री शिक्षिका हव्यात. त्यांना नीट प्रशिक्षण द्यावे, शिकत असताना त्यांना शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांचा पगार पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक असावा. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, असेही त्या म्हणाल्या. म्हणजे मुलामुलींचे भले करायचे तर आधी ते करणारी माणसे घडवली पाहिजेत, आणि त्यांना मानाने वागवले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात चोविसाव्या वर्षीच पक्का होता. हे वाचताना मला माझ्या आईचे मानधन आठवले. अंगणवाडीतल्या सेविका आणि मदतनीस यांना आजही वेतन नाही, मानधन मिळते. शब्दांत मान आहे, एवढेच.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा विचार होता, परंतु त्यांना ऐकू कमी येऊ लागल्याने ते राहून गेले. तेथेच त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि संस्कृतही शिकवले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. समारंभ आटोपून परत फिरायचे, या विचाराने गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांवर राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, भारतातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यातून पैसा उभा केला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी चरित्रकार एखाद्या ओळीत सांगून पुढे जातात. त्यांनी तेथे बालवाडीची पद्धत शिकून घेतली. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने घालून दिलेली ही रीत, ज्यात मूल खेळातून, हाताने वस्तू हाताळून शिकते. देशभर पंडिता म्हणून गाजलेली स्त्री तिकडे लहान मुलांना कसे बसवावे, कसे खेळवावे हे विद्यार्थिनी होऊन शिकत होती. मुलांना सांभाळणे ही बाईच्या जातीला आपोआप येणारी गोष्ट आहे, असे आपण समजतो. रमाबाईंनी ते कौशल्य मानले आणि म्हणून ते शिकून घेतले.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढल्या वर्षी ते पुण्याला हलवले. बालविधवांनी येथे राहावे, शिकावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे असा हेतू होता. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. पण सदनातल्या काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी पुण्यात त्यांचे स्वागत केले होते त्यांतले पुष्कळजण दूर गेले. रमाबाई मात्र उरलेल्या मुलींना शिकवत राहिल्या.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, गरीबखाने उघडले होते. त्यांत अन्न मिळत होते. पण रमाबाईंना तेथे जे दिसले, ते त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आईबाप गमावलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या मुली त्या गर्दीत एकट्या होत्या. त्यांना फूस लावून नेणारी माणसे, त्यांत बायकाही होत्या, छावण्यांच्या भोवती घोटाळत होती. ज्यांच्या हाती देखरेख होती त्यांतल्याच काहींपासून मुलींना धोका होता. मूठभर धान्यासाठी मुलीची किंमत ठरत होती. भुकेपासून वाचवण्यासाठी उघडलेल्या जागेतच मुलीला दुसऱ्या संकटात लोटले जात होते. मला येथे आजीच्या गोष्टीतले ते नातेवाईक आठवले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

रमाबाई मुली गोळा करू लागल्या. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मुली त्यांना भ्यायच्या. ही बाई आपल्याला खाऊ घालून लठ्ठ करील आणि मग उलटे टांगून अंगातले तेल काढील, अशी भुमका पसरली होती. काही मुली वाटेतूनच पळून गेल्या. हसू येते आणि लगेच डोळ्यांत पाणीही येते. ज्या मुलीला आजवर कोणी फुकट काही दिले नाही, तिने एखाद्या अनोळखी बाईने दिलेल्या भाकरीवर विश्वास का ठेवावा? रमाबाई रागावल्या नाहीत. उपाशी पोटी अनोळखी गावातून फिरण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. कोणी हाडांचा सापळा झालेली, कोणी आजारी, सगळ्याच घाबरलेल्या. नेमका त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाला होता. शहरात एवढ्या नव्या मुली ठेवणे अशक्य झाले. पुण्यापासून दौंडच्या वाटेवर केडगाव येथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन फळझाडे लावली होती. तेथे त्यांनी या मुलींना नेले. सुरुवातीला तंबू आणि झापांच्या झोपड्या, मग हळूहळू पक्क्या इमारती. हेच ते मुक्ती सदन.

आता मी या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. तीनशे मुली म्हणजे तीनशे ताटे, एवढाच हिशेब असता तर पैसा पुरला असता. पण तीनशे भेदरलेल्या मुलींना न्हाऊमाखू घालणे, रात्री दचकून उठलेल्या मुलीजवळ बसणे, भाकरी चोरून लपवणाऱ्या मुलीला न मारता समजावणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, हे पैशाने होत नाही. त्याला माणसे लागतात. ती माणसे रमाबाईंजवळ होती. शारदा सदनात सात-आठ वर्षांपासून शिकत असलेल्या तरुण विधवा आता शिक्षिका झाल्या, देखरेख करणाऱ्या झाल्या. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारी स्त्रियाही त्यांच्या पाठीशी होत्या. ज्या मुलींना एके काळी समाजाने अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवले होते, त्यांच्या हाती या दुष्काळी मुली सुपूर्द झाल्या. दुष्काळ १८९६ मध्ये आला, पण दुष्काळातल्या मुलींना सांभाळणारे हात १८८९ पासून तयार होत होते. शारदा सदन आधी नसते, तर केडगावला केवळ एक गरीबखाना उभा राहिला असता.

सर्वच मुली वाचल्या असे नाही. भुकेने पार खंगलेल्या कितीतरी मुली केडगावला आल्यावरही दगावल्या. पण ज्या जगल्या त्या शिकल्या, आणि शिकलेल्यांनी पुढच्यांना सांभाळले. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला, ज्याला लोक छप्पन्या दुष्काळ म्हणतात. तेव्हा रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया मुली आणण्यासाठी गुजरातेत गेल्या. १९०० च्या सुमारास केडगावला दीड हजारांहून अधिक माणसे राहत होती. शाळा होती, शेती होती, गाईगुरे होती. माग, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखाना होता आणि ही सारी कामे मुली आणि बायका करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, वृद्ध आणि दुबळ्या स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली. कोणाच्याही दयेवर आयुष्यभर राहावे लागू नये, हा या सगळ्या कामांमागचा हेतू होता.

मुलींच्या सुरक्षिततेसाठी रमाबाई सरकारशीही भांडल्या. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रिया सुरक्षित नाहीत, असे त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने आरोप नाकारला. परंतु साथीच्या काळात सरकारविरुद्ध ब्र काढणे कठीण असताना एका स्त्रीने जाहीरपणे विचारले की ज्यांच्या हाती तुम्ही आमच्या मुली दिल्या आहेत त्यांच्यावर कोणाची नजर आहे. संकटकाळात मदत करणाऱ्यावरही नजर ठेवावी लागते, ही गोष्ट आज साऱ्या जगात मान्य झाली आहे. रमाबाईंनी ती सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितली.

त्यांच्यावर टीका झाली आणि आजही होते. दुष्काळातून आणलेल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. ज्याच्या हाती अन्न आहे त्याने उपाशी माणसाचा धर्म बदलावा का, हा प्रश्न खोटा नाही. त्याचा निवाडा करण्याइतके माझे वाचन नाही. पण दुसरा प्रश्नही खोटा नाही. त्या मुली छावणीच्या कडेला उभ्या असताना त्यांच्यासाठी दुसरे कोण आले होते? आणखी एका बाबतीत आजचा विचार वेगळा आहे. रमाबाईंनी मुलींना त्यांच्या मुलखापासून शेकडो मैल दूर आणले. आज आपण म्हणतो की मुलाची आधी नोंद करावी, त्याचे खरे नातेवाईक शोधावेत, ते सापडल्यास खात्री करून मूल त्यांच्याकडे द्यावे आणि संस्था हा शेवटचा उपाय मानावा. आपल्याकडे २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समिती आहे, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तेथल्या अनेक मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोली येथे आणले गेले. अनुभवातून माणूस शिकत आला आहे. रमाबाईंच्या काळी यातले काहीच नव्हते. तेव्हा रेल्वेचा तिसरा वर्ग होता आणि एका बाईचा निर्धार होता.

पुढची वर्षे त्यांनी केडगावलाच काढली. बायबलचे साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्याचे मोठे काम त्यांनी हाती घेतले आणि ते मुलींनी चालवलेल्या छापखान्यात छापले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जिने आपल्यामागे हे काम चालवावे अशी त्यांची इच्छा होती ती मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी, गेली. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. ज्या बाईने हजारोंना घर दिले तिचे स्वतःचे घर असे एकेक करून रिकामे झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे मुक्ती सदन आजही सुरू आहे.

मी हे चरित्र आईला वाचून दाखवले. आई सातवीपर्यंत शिकली आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, की त्या मुलींना सांभाळणाऱ्या बायकांची नावे पुस्तकात आहेत का. मी पाने चाळली. थोड्या नावांपलीकडे मला काही सापडले नाही. आई काही बोलली नाही. भांडी घासायला उठून गेली.

तिच्या त्या प्रश्नाने मला रमाबाईंकडे पुन्हा नव्याने पाहायला लावले. मोठेपण त्यांचे आहेच. पण त्यांनी जे खरे धन निर्माण केले, ते त्या बिननावाच्या बायका. आपल्याकडे अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली. म्हणजे १९६७ च्या त्या पहाटे आमच्या कोयनानगरात माझ्या आईसारखी बाई नेमलेली नव्हती, म्हणून ते पोर तंबूतंबूतून फिरले. २०२१ मध्ये ती होती, म्हणून चार वर्षांच्या मुलीने तिसऱ्या दिवशी ठोकळा उचलला. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. मात्र माझ्या आईला संकटातल्या मुलांशी कसे वागावे याचे शिक्षण कोणी दिले नव्हते. सतरंजी रोज त्याच कोपऱ्यात अंथरावी हे तिला आपसूक सुचले. जिला सुचणार नाही, तिला ते शिकवायला नको का? कोणते मूल कोणाबरोबर गेले हे वहीत लिहून ठेवायला नको का? आणि हे दरड कोसळल्यानंतर शिकवून कसे चालेल?

आमचे खोरे भूकंपाचे आहे आणि दरडींचेही आहे. कोयना धरणाचे दरवाजे पावसाळ्यात उघडतात आणि कधी कोणत्या ना कोणत्या गावाला रातोरात घर सोडावे लागते. पुढचे संकट कधी येईल हे सांगता येत नाही, पण ते येणार हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. पदवी झाल्यावर समाजकार्याचे शिक्षण घ्यावे आणि परत इथेच यावे, असे मी मनाशी ठरवले आहे. घरच्या परिस्थितीत ते कितपत जमेल, हे मला आज सांगता येत नाही. परंतु या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही काही मैत्रिणी गावातल्या अंगणवाडीच्या ताईंकडे बसून मुलांची गाणी, खेळ आणि नोंदवही कशी ठेवावी एवढे तरी शिकणार आहोत. सुरुवात लहान आहे. शारदा सदनही पहिल्या दिवशी फार मोठे नव्हते.

परवा आजीला मी रमाबाईंची गोष्ट सांगितली. डोक्यावर आईची तिरडी घेतलेल्या त्या मुलीचे ऐकून आजी बराच वेळ गप्प बसली. मग तिने पुन्हा त्या शेजारच्या पोराचे नाव घेतले. इतक्या वर्षांत ते नाव तिने एकदाही चुकवलेले नाही.